वेळ, वेल आणि बावीस पट्ट्यांची पेटी

‘मॅडम, आम्ही घणसोली गावात राहतो. मुलगा आठ वर्षांचा, मराठी शाळेत तिसरीला आहे. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी सरकारी योजनेतून उजव्या कानाला कॉक्लियर बसवलं, 22 इलेक्ट्रोडवालं. घरात सगळं बोलतो, बहिणीशी भांडतोसुद्धा. पण शाळेत शुद्धलेखनात निम्म्या चुका. “वेळ” सांगितलं की “वेल” लिहितो, “पाणी”चं “पानी”, “खाट”चं “काट”, “ताट”चं “टाट”. बाई म्हणतात, लक्ष नाही. दिरांनी मोबाईलवर दाखवलं, आता एआयवालं नवीन मशीन आलंय, काही लाखांचं. मिस्टर म्हणतात कर्ज काढू, माझ्या बांगड्याही आहेत. शेवटचं मॅपिंग दीड वर्षापूर्वी झालं. तिथे दहा मिनिटांत उरकतात आणि काय विचारायचं ते मलाही कळत नाही. डाव्या कानाचं साधं मशीन तो लावतच नाही. परवा झोपताना म्हणाला, “आई, मला ऐकू येतं ना? मग बाई का ओरडतात?” काय करू?’
– एक आई, घणसोली

ताई,

बांगड्या आत्ता कपाटातच राहू द्या. नवीन मशीन कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. पण त्या मशीनपेक्षा मोलाची एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे आणि ती तुम्ही मुलाच्या चुका म्हणून लिहिली आहे. वेळ-वेल, पाणी-पानी, खाट-काट, ताट-टाट. तीस वर्षं मुलांबरोबर वाचा-उपचाराचं काम केलं, त्यात अशी यादी घेऊन मॅपिंगला, म्हणजे मशीनचं सेटिंग लावून घ्यायला, आलेल्या आया मला बोटांवर मोजण्याइतक्याच भेटल्या. या चार जोड्यांची कारणं एकच नाहीत. ती उलगडली की पैसा कुठे घालायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी मशीन काय करतं ते बघू. निरोगी कानात आत शंखासारखा वळलेला अवयव असतो, कॉक्लिया. आवाजाची बातमी मेंदूकडे पाठवणाऱ्या केसपेशी त्यात सुमारे 3,500 असतात. शंखाच्या तोंडाशी ‘स’सारखे बारीक, उंच आवाज आणि अगदी आत टोकाकडे ‘म’सारखे जाड, खालचे आवाज, अशी त्यांची जागा ठरलेली. तुमच्या मुलाच्या कानात या साऱ्या पेशींचं काम एक तार करते, तिच्यावर वीज देणारे बावीस बिंदू असतात, तेच इलेक्ट्रोड. हेच कॉक्लियर इम्प्लांट. कानामागचा प्रोसेसर आवाज घेतो, उंच-खालच्या सुरांप्रमाणे त्याचे भाग पाडतो, प्रत्येक भागात आवाज किती चढला आणि उतरला ते मोजतो आणि तेवढ्या जोराचे विजेचे ठोके त्या-त्या इलेक्ट्रोडवर देतो. म्हणजे बावीस पट्ट्यांची पेटी. त्यातही कानातल्या द्रवात वीज पसरते, त्यामुळे एक पट्टी दाबली की शेजारच्याही थोड्या वाजतात. म्हणून पट्ट्या बावीस असल्या तरी बोलणं समजायला त्यातल्या सात ते दहांइतकाच वेगळेपणा हाती लागतो, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलं आहे.

एवढ्याशा पेटीवर माणसाची भाषा कशी कळते, हे मलाही सुरुवातीला पटत नसे. 1995 साली अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या लोकांना मुद्दाम तोडमोड केलेलं बोलणं ऐकवलं. सगळे बारकावे काढून टाकले, फक्त चार पट्ट्यांतला चढ-उतार ठेवला आणि तो खरखरीवर चढवला. थोड्या सरावाने लोकांना वाक्यं जवळपास पूर्ण कळली. चार पट्ट्यांत! मात्र ती शांत खोली होती. गोंगाटात चारच काय, आठ पट्ट्याही पुरत नाहीत. तुमचा मुलगा घरात भांडतो आणि वर्गात अडतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे. बाईंना जे ‘लक्ष नाही’ असं दिसतं, ते पट्ट्या अपुऱ्या पडणं आहे.

आता तुमच्या दिरांना सांगण्यासारखी गोष्ट. ही गोष्ट ब्लेक विल्सन या अमेरिकन अभियंत्यांची. त्या काळच्या काही यंत्रांत सगळ्या इलेक्ट्रोडना एकाच वेळी वीज जायची आणि आत तिची सरमिसळ व्हायची. ठाण्याच्या तीन हात नाक्यावरचा सिग्नल बंद पडला आणि सगळ्या बाजूंनी गाड्या एकदम सुटल्या तर काय होईल, तसं. विल्सन यांच्या चमूने सिग्नल लावला. प्रत्येक इलेक्ट्रोडला ठोका द्यायचा, पण एकानंतर एक, पाळीपाळीने, एका सेकंदात शेकडो वेळा. 1991 मध्ये त्यांनी निकाल छापले. माणसं तीच, त्यांच्या कानातल्या तारा त्याच, ऑपरेशन नवीन नाही, फक्त आवाज पाठवण्याची रीत बदलली आणि बोलणं समजण्यात मोठा फरक पडला. आजची बहुतेक मशीनं याच पाळीच्या तत्त्वावर उभी आहेत. या कामासाठी विल्सन यांना 2013 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम क्लार्क आणि ऑस्ट्रियाच्या इंगेबोर्ग होखमायर यांच्याबरोबर.

तुमच्या मुलाच्या कानातही तार तीच ठेवून बरंच काही सुधारता येतं. मात्र कुठे बिघडतंय ते कोणीतरी सांगावं लागतं. मशीनला ते कळत नाही, आठ वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. ते तुमच्या यादीत आहे.

यादीकडे येऊ. पहिल्यांदा ‘पाणी’ची ‘पानी’ बाजूला काढा. तुम्ही घणसोली गावातल्या. घरात सासूबाई आगरी बोलत असतील. आगरीत ‘पानी’च म्हणतात, ‘कोण’ला ‘कोन’, ‘डोळा’ला ‘डोला’. मुलगा आजीच्या मांडीवर जे ऐकतो ते लिहीत असेल, तर त्याचं मशीन अगदी चोख चाललं आहे आणि त्याचे कानही. ‘वेळ’ची ‘वेल’ही यातच मोडू शकते. आधी हे तपासा: घरात कोण काय म्हणतं, ते चार दिवस लक्ष देऊन ऐका. आणि कृपा करून सासूबाईंना ‘नीट मराठी बोला’ असं सांगू नका. जे मूल आजीशी पोटभर बोलतं त्याला ऐकण्याचा जेवढा सराव होतो, तेवढा कुठल्याही थेरपीत होत नाही. ‘आजी पानी म्हणते, पुस्तकात पाणी लिहितात’ हे आठ वर्षांच्या मुलाला सहज समजतं.

हे वगळूनही ळ-ल, ण-न, ट-त यांत गल्लत उरली, तर ती खरी ऐकण्याची गल्लत. ती समजून घ्यायला थोडं खोलात जावं लागेल. ‘त’ म्हणताना जीभ दाताला लागते, ‘ट’ म्हणताना मागे वळून टाळूला. आवाजाचा जोर, लांबी, फुटण्याची वेळ जवळपास सारखी. फरक असतो तो फक्त आवाजाची ताकद कुठल्या उंचीच्या सुरांत गोळा होते यात, तोही क्षणभर. म्हणजे शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला फरक, आणि नेमका तिथेच आपल्या पेटीचा दोष. उच्चाराची जागा ओळखणं इम्प्लांटवाल्यांना सर्वांत कठीण जातं आणि हे जगभरातल्या भाषांत दिसतं. मराठीत त, ट, ळ, ल, ण, न सगळे वेगवेगळे लागतात, म्हणून आपल्या मुलांवर ओझं जास्त.

‘खाट’ची ‘काट’ मात्र मला वेगळी वाटते. ‘क’ आणि ‘ख’ दोन्ही एकाच जागी फुटतात. ‘ख’ फुटल्यावर हवेचा एक झोत येतो आणि स्वर सुरू व्हायला जरा उशीर होतो. हा वेळेतला फरक आहे आणि वेळेतले फरक इम्प्लांट चांगले पोचवतं. म्हणून क-ख, प-फ, त-थ या जोड्या ज्याला पूर्वी येत होत्या आणि आता येईनाशा झाल्या, त्याच्या बाबतीत मला मशीनच्या सेटिंगचा संशय येतो. हवेचा तो झोत फार हलका असतो. सर्वांत हलक्या आवाजाची पातळी कमी लागली असेल, किंवा मायक्रोफोनवर धूळ-ओल बसली असेल, तर आधी तोच गळतो. दीड वर्षापूर्वी ‘खाट’ बरोबर लिहायचा का, हे जुन्या वह्या काढून बघा. हा प्रश्न मॅपिंगला फार कामाचा आहे.

मॅपिंग म्हणजे काय ते कोणी तुम्हाला सांगितलं नसावं. निरोगी कान अगदी हळू कुजबुजीपासून ढोल-ताशापर्यंत साधारण 120 डेसिबलचा पल्ला पेलतो. विजेच्या ठोक्यांना तेवढी जागा नाही. ऐकू येऊ लागण्यापासून नकोसं होईपर्यंतचं अंतर अवघं 10 ते 20 डेसिबलचं. बाहेरचं मोठं जग त्या चिंचोळ्या जागेत दाबून बसवायचं असतं आणि प्रत्येक इलेक्ट्रोडची जागा वेगळी. खालच्या पातळीला टी लेव्हल म्हणतात, वरच्या पातळीला सी किंवा एम लेव्हल. मूल वाढतं तशा या पातळ्या सरकतात. इम्प्लांट होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि सगळं सुरळीत असलं, तरी वर्षातून एकदा तपासायचंच. तक्रार असली तर तेव्हाच. तुमचे दीड वर्ष हे फार झाले.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे शब्दांच्या याद्या होत्या त्या इंग्रजी आणि हिंदी. एक मुलगी त्यात छान गुण मिळवायची आणि मी दर वेळी ‘उत्तम’ लिहून द्यायचे. तिच्या आईला शाळेतून तक्रारी येत होत्या. वर्ष गेलं, मग माझ्या ध्यानात आलं की माझ्या यादीत ‘ळ’ नव्हताच, तो तपासला जाणार कसा? त्या वर्षभरात त्या मुलीने शाळेत जी बोलणी खाल्ली, त्याची मला अजून हळहळ वाटते. म्हणून सांगते, तुमची मराठी यादी घेऊन जा. समोरच्याला मराठी येत नसेल तर तुम्ही शब्द म्हणा, मुलगा परत म्हणेल, ते ऐकतील.

जायच्या आधी पंधरा दिवस एक वही करा. रोज पाच मिनिटं. काय सांगितलं, त्याने काय ऐकलं, कोणी सांगितलं, किती लांबून, पंखा किंवा टीव्ही चालू होता का, एवढं लिहायचं. सांगताना तोंड झाका, नाहीतर तो ओठ वाचतो. हाताने झाकू नका, हातामुळे ‘स’सारखे बारीक आवाज दबतात. भरतकामाच्या रिंगला पातळ कापड ताणून ती तोंडासमोर धरा. आधी रोज सकाळी सहा आवाज म्हणा: आ, ई, ऊ, म, श, स. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवण्याचे तज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी ही साधी तपासणी दिली आणि ती जगभर वापरतात, कारण या सहांत बोलण्याचा खालपासून वरपर्यंतचा पल्ला येतो. हातभर अंतरावरून म्हणा, मग तीन मीटरवरून. ऐकू आलं की मान डोलवणं पुरत नाही, तोच आवाज परत म्हणायला हवा. ‘स’ अचानक जाऊ लागला तर मायक्रोफोनची जाळी किंवा कव्हर बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्रोसेसर रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डबीत, ठेवायलाच हवा. ‘ई’ आणि ‘ऊ’ एकच वाटू लागले, तर वहीत तारीख घालून लिहा. या दोघांचा खालचा सूर सारखाच असतो, वेगळेपण वरच्या भागात असतं आणि वरच्या इलेक्ट्रोडचं काही बिनसल्याची ती खूण असू शकते.

मॅपिंगला गेल्यावर दहा मिनिटांत उठू नका. शांतपणे विचारा: सगळ्या इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स, म्हणजे वीज जायला होणारा अडथळा, बघितला का? कुठला बंद आहे का, आणि तो बंद केल्यावर त्याच्या वाट्याचे सूर शेजारच्या इलेक्ट्रोडना वाटून दिले का? वरची पातळी अंदाजाने ठरवली की मोठ्या आवाजाला कानातला स्नायू आपोआप आखडतो त्यावरून, म्हणजे प्रतिक्षेपावरून, मोजली? मुलगा दिवसातून किती तास मशीन लावतो, याची नोंद प्रोसेसरमध्ये असते, ती दाखवाल का? आणि शेवटी, नवीन मॅपवर ही माझी यादी परत घेऊन बघू या का? हे विचारणं तुमचा हक्क आहे. इतकं करूनही तिथे वेळ देत नसतील, तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून लहान मुलांची इम्प्लांट होतात, तिचं काम ही संस्था पाहते. दुसरं मत तिथे घेता येईल. घणसोलीहून ठाणे, तिथून दादर, मग वांद्रे. एक दिवस जाईल, पण जाऊ द्या.

आता एआय. त्यात तथ्य आहे, ती नुसती जाहिरात नाही. माणसाचा आवाज आणि गोंगाट यांच्या असंख्य नमुन्यांवर शिकवलेला प्रोग्रॅम, आवाज पट्ट्यांत विभागला जाण्याआधी, त्यातलं बोलणं वेगळं काढायचा प्रयत्न करतो, तेही काही मिलिसेकंदांत, कारण उशीर झाला तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. संशोधन जोरात चालू आहे आणि मला त्याची मनापासून आशा आहे. पण हे तंत्र पेटीला नवीन पट्ट्या लावत नाही. गोंगाट कमी करेल, वेळ आणि वेल वेगळे करून देणार नाही. शिवाय वर्गात मागे बसून कुजबुजणारी मुलंही बोलतच असतात, कुठलं बोलणं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे त्यालाही अवघड जातं. म्हणून आधी मॅपिंग, मग शाळा. त्यानंतरही अडचण उरली तर कंपनीकडे नवीन प्रोसेसर काही दिवस वापरून बघायला मागा, तो कानातल्या तुमच्या तारेशी जुळतो का ते लेखी घ्या आणि पंखा लावून तीच वहीतली यादी घ्या. जुन्या मशीनवर किती, नव्यावर किती. फरक दिसला तर बांगड्यांचा विचार करा.

वर्गासाठी त्याहून स्वस्त आणि आत्ता जास्त उपयोगी वस्तू म्हणजे रिमोट मायक्रोफोन. बाईंनी गळ्यात अडकवायचा, त्यांचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. बाईंच्या तोंडापासून वीतभरावरचा माईक आणि चौथ्या बाकावरचा कान यांत किती फरक पडेल, तुम्हीच बघा. तुमच्या मॉडेलला कुठला चालतो ते मॅपिंगलाच विचारा. दान करणाऱ्या संस्था प्रोसेसरपेक्षा यासाठी लवकर तयार होतात, हा माझा अनुभव.

डाव्या कानाचं मशीन कपाटातून काढून तपासून घ्या. त्या कानात खालच्या सुरांचं थोडंसं ऐकणं जरी शिल्लक असेल, तरी ते इम्प्लांटला न जमणारी गोष्ट देतं, बोलण्याचा सूर, ज्यावरून कोण बोलतंय, प्रश्न आहे की उत्तर, हे कळतं. कानात बसणारा त्या मशीनचा साचा घट्ट होत असेल म्हणून तो काढून टाकत असेल. मुलांचे कान वाढतात, साचा बदलावा लागतो.

ट-त आणि ळ-लसाठी थेरपी लागेल, पण घोकंपट्टी नको. ‘वेळ झाली’ आणि ‘वेल वाढली’ अशी वाक्यं आणि चित्रं. आधी दोन चित्रांतून एक उचलायचं, मग चार, मग पंखा लावून. पेटी तीच राहते, ऐकणारा मेंदू तयार होतो.

तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याला आजच द्या. ‘तुला ऐकू येतं. तुझ्या मशीनला गोंगाटात त्रास होतो आणि हे बाईंना माहीत नव्हतं. आता आपण त्यांना सांगणार आहोत.’ आणि ही चिठ्ठी त्याच्यासमोर वाचून, मग त्याच्याच हाताने बाईंना द्या:

‘बाई, नमस्कार. माझ्या मुलाच्या उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट आहे. त्याला शांत जागी चांगलं ऐकू येतं, गोंगाटात शब्द अर्धे कळतात. त्याला दुसऱ्या बाकावर, खिडकी आणि पंख्यापासून लांब, तुम्ही त्याच्या उजव्या हाताला याल असं बसवाल का? फळ्यावर लिहिताना बोललेलं त्याला कळत नाही, वळून सांगितलं तर कळतं. शुद्धलेखनात सुटा शब्द न देता आधी पूर्ण वाक्य म्हणाल का? पंधरा दिवस तो कुठले शब्द चुकतो ते मी लिहून ठेवणार आहे. वर्गातले शब्द तुम्ही टिपून दिलेत तर डॉक्टरांना दाखवता येतील.’